लामूतलं शांत घर

४ फेब्रुवारी
घर मिळालं एकदाचं! मोंबासात दाराशीच बंदराचे ट्रक घरघरायचे आणि इल्हाम दचकून रडत उठायची. एवढंसं तान्हं लेकरू, झोपणार तरी कसं? इथे लामू बेटावरच्या जुन्या गावात मोटारींना मज्जाव, गल्लीतून फक्त गाढवं जातात. घरमालकीण बिबी झुवेना शेजारीच राहतात. आल्या आल्या त्यांनी नारळाच्या दुधात शिजवलेली तूर आणि गरम महामरी, म्हणजे फुगलेल्या गोडसर पुऱ्या, पाठवली. माझा नवरा अथमान कामावरून सुटला की बारा तारखेच्या शुक्रवारी येईल. मला आभाळ ठेंगणं झालंय.

६ फेब्रुवारी
इल्हाम गाढ झोपते. बिबींची नात तीमा याच घरात जन्मली. पाच वर्षांची झाली, पण शब्द नाही की हुंदका नाही. मागची अंधारी खोली तेवढी उघडू नको, असं बिबी म्हणाल्या. पूर्वी घरातल्या मयताला तिथे आंघोळ घालत. मला कशाला हवीय ती खोली? दोन जिवांना उरलेलं घर पुरून उरतं.

९ फेब्रुवारी
दुपारी पीठ मळताना कुणीतरी 'होदी' अशी हाक दिली. हात पिठात, सवयीनं तोंडातून 'करिबू' निघून गेलं. आमची रीतच ती. होदी, म्हणजे 'आत येऊ का', ऐकलं की करिबू, 'या', म्हणायचं. तीन हाकांना उत्तर आलं नाही, तर पाहुण्यानं मुकाट परतायचं.
दारात कुणी नव्हतं. हाक मागच्या खोलीतून आली होती. तिचं दार किलकिलं झालं होतं.

१० फेब्रुवारी
इल्हाम रडतेय. तोंड उघडं, डोळ्यांतून धारा, पण आवाज नाही. घसा ठीक आहे म्हणे, डॉक्टर सांगतात. आणि गल्लीत तीमा खदखदून हसत होती.
बिबींना जाब विचारला. माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, "शांत घर हवं होतं ना, पोरी? मग आता तक्रार कसली? आमच्या पोरीनं पाच वर्षं सोसलं. त्या खोलीतल्याला तूच या म्हणालीस, आता तुझी सोसेल."
त्यांचा गळा दाबावासा वाटला. सकाळची बोट धरायची, दुसरं काही नको.

११ फेब्रुवारी
बाहेरचं दार उघडत नाही. ओरडायला गेले तर माझाही आवाज — बसलेला नाही, गेलाय. हंडा आपटला. चेपला, पण वाजला नाही. बाहेरचं सगळं मला ऐकू येतं. आतलं बाहेर काहीच जात नाही.
इल्हाम दूध पीत नाही. उद्या अथमान येईल. उद्या —

१२ फेब्रुवारी, शुक्रवार
अथमान आला! दारातच आहे. "होदी."
करिबू, करिबू — नुसते ओठ हलतायत. दारावर आपटून मुठी सोलल्या —
बिबी त्याला सांगतायत, ती कालच लेकीला घेऊन माहेरी गेली. खोटं! खोटं रे —
तीमा हसतेय. माझ्या इल्हामच्या आवाजात. बाप आहे, ओळखेल —
"किती गोड हसते," म्हणाला.
"होदी." दुसऱ्यांदा. दार ढकल ना, अथमान, एकदा नुसता हात लाव —
तिसरी हाक. आता तो —