मुक्या जिवांची शिळा

ता. १२ नोव्हेंबर १९३४, लोणावळे

आमची शिळा देव झाली! जीवदया समितीचा ठराव नाही, चिटणीसाची — म्हणजे माझी — सही नाही.

कुणाचं जनावर मेलं तर त्याचं नाव कोरावं, घरच्यांनी यथाशक्ती वर्गणी द्यावी, आणि त्यातून पुण्याच्या गुरांच्या डॉक्टरांना बोलवावं, म्हणून भुशीच्या वाटेवर आम्ही दगड उभा केला. आज सकाळी पाहतो तो शेंदूर, नारळ, उदबत्त्या. अध्यक्ष दिनबाई पारशीण. पहिलं नाव त्यांच्या कुत्र्याचं, तेच शेंदराखाली गेलं. म्हणाल्या, "शास्त्रीबुवा, माझा जिमी हिंदू झाला की काय?"

नुसता हिंदू नव्हे बाई, थेट देव. आमच्या सात पिढ्यांना साधलं नाही ते.

ता. १६

बंगलेवाल्यांपेक्षा नवसकरी शिळेजवळच्या वर्गणीच्या पेटीत अधिक टाकतात. डॉक्टर महिन्याला यायचे, आता आठवड्याला येतील. पुण्याच्या वर्तमानपत्राला बातमी धाडावी का? नको. मागच्या बातमीवर संपादकांनी मथळा दिला — 'लोणावळ्यात श्वान-तर्पण'. तो मी पाठवलेला नव्हता.

ता. १८

भुशीची झुंबरबाई आली. विधवा, बैल एकच — पाखऱ्या. भाताची मळणी तोंडावर, आणि तो बसलाय. उठत नाही. डॉक्टरांनी औषध दिलं. तिनं ते घेतलं आणि वर नवसही बोलली. "उटू दे, बकरं दीन."

"कुणाला?"

"तुमच्या देवाला."

माझ्या! जन्मभर दुसऱ्यांचे देव पुजले.

ता. २४

पाखऱ्या उठला. डॉक्टर म्हणतात औषधानं, बाई म्हणते शिळेनं. मी चिटणीस, दोघांचाही आभारी. अडचण एकच — बकरं.

ता. २७

आणलंच! बरोबर तिचा दीर गेणू, हातात कोयता. मी आडवा आलो. मुक्या जिवांच्या शिळेपुढं मुका जीव कापायचा?

गेणू म्हणाला, "आमी न्हाई, तुमी न्हाई. बकऱ्यालाच इचारू."

रीत अशी — पाठीवर पाणी शिंपडायचं. बकऱ्यानं अंग झाडलं की देवाला मान्य. तोवर हत्यार लावायचं नाही. एवढं सोयीचं प्रमाण उभ्या धर्मशास्त्रात मला सापडलेलं नाही. हो म्हटलं.

शिंपडलं. बकरं उभं. पुन्हा शिंपडलं. कानसुद्धा हलेना! वर करवंदीचा पाला खाऊ लागलं. मी मनातून खूश.

मग झुंबरबाईनं पदर पसरला. "घे रं देवा. म्या काय चुकले? पुन्यांदा पाडू नगंस त्याला. त्याच्याबिगर माजं कोन हाय?"

तो आवाज ऐकवेना. मी बकऱ्याकडे पाहत राहिलो आणि मनात आलं — झाड की रे अंग! जीवदयेचा चिटणीस मी.

नाहीच झाडलं. जमलेल्यांत कुणी म्हणालं, "देव रुसला." गेणू माझ्याकडे बघून म्हणाला, "देव कशाला रुसंल? मदी बामन आला."

ता. १ डिसेंबर

पाखऱ्या पुन्हा बसला. डॉक्टर म्हणतात, वय झालं, आता इलाज नाही. भुशीत म्हणतात, शास्त्र्यानं नवस अडवला. वाटेत कुणी रामराम घालत नाही. संस्कृतात धीराची वचनं पुष्कळ आहेत. आज एकही आठवेना.

ता. ३

न राहवून तिच्या गोठ्यात गेलो. बैलाची मान मांडीवर घेऊन बसली होती. माश्या वारत होती.

म्हटलं, "बाई, बकरं पुन्हा घेऊन जा. मी त्या बाजूला फिरकणार नाही." हे मी म्हणालो! लिहून ठेवतो, नाहीतर उद्या नाकारीन.

ती हसल्यासारखी झाली. "तुमी कशापायी वाईट वाटून घेता? बकऱ्यानं न्हाई ऐकलं, तितं तुमचं काय चालायचं?" मग म्हणाली, "त्याला वैरन टाका वाईच. दावं सोडून घरात शिरतंय."

टाकली. बकऱ्यानं खाल्ली. पाखऱ्यानं तोंड लावलं नाही.

ता. ५

पाखऱ्या गेला. बांधाला पुरला. दुपारी झुंबरबाई शिळेपाशी आली. मागं गेणू, आणखी चारजण. आमच्या पाथरवटाला, शिदूला, म्हणाली, "नाव घाल त्याचं."

"कुटं घालू, मावशी? देव हाय ह्यो."

"न्हाई," म्हणाली, आणि विळ्याच्या पाठीनं शेंदूर खरवडायला लागली. कुणी अडवलं नाही. थोड्या वेळानं गेणूनं पाणी आणून दिलं.