शांत पोट

४ नोव्हेंबर
कोलोनोस्कोपीचा खरा खर्च: चार लिटर खारट पाणी, चौदा फेऱ्या, दीड दिवस उपास. आतड्यात एक पॉलिप, म्हणजे मांसाचा कोंब, निघाला, तिथल्या तिथे जाळून काढला. डॉ. अपूर्वा म्हणाल्या, हजारात एखाद्याच्या आतड्याला नंतर भोक पडतं. दुखलं किंवा ताप आला तर लगेच या. मी म्हटलं, मॅडम, बुधवार पेठेत फुटपाथवर ट्रान्झिस्टर दुरुस्त करत दुकानापर्यंत आलो. बंद डब्याला कान लावून बिघाड सांगतो, स्वतःचं पोट ऐकू येणार नाही? त्या हसल्या. बायकोनं, वासंतीनं, त्यांचा नंबर लिहून घेतला.

५ नोव्हेंबर
पोट गुरगुरतंय. तपासताना आत भरलेली हवा. ठरलं: दुकानात जायचं, वजन उचलायचं नाही.
दोन स्पीकर उचलले. छोटे होते.

६ नोव्हेंबर, दुपारी
डावीकडे दुखतंय. स्पीकरचंच. वासंती म्हणते, अहो, फोन करू का. म्हटलं, फोन केला की बोलावणारच, धंदा आहे त्यांचा. ओवा खाल्ला.

सायंकाळी
ताप १००. सध्या पुण्यात सगळ्यांनाच आहे.

७ नोव्हेंबर, सकाळी ८
मोठी सुधारणा. गुरगुर साफ बंद. बिघाड गेला. फक्त पोट फळीसारखं कडक, आणि खोकलं की डोळ्यांपुढे अंधारी. ताप १०२, पण थर्मामीटर जुना आहे. वासंतीला म्हटलं, आवाज थांबला. ती म्हणाली, मुका रेडिओ आला की गिऱ्हाइकाला दुरुस्त झाला म्हणता का? आणि रिक्षा आणायला गेली.

सकाळी ११
डॉ. अपूर्वांनी पोटाला स्टेथोस्कोप लावला. बराच वेळ. विचारलं, काय ऐकू येतंय? म्हणाल्या, काहीच नाही, तेच वाईट आहे. स्कॅनमध्ये भोक दिसलं. आत्ताच ऑपरेशन. वासंतीला सांगितलं, मी मरत नाही. तिनं विचारलं नव्हतं.

१० नोव्हेंबर
नाकात नळी. भोक शिवलं, पण आतडं हलत नाही. वायू सरला तर सुटलो. उद्यापर्यंत नाही सरला तर पुन्हा स्कॅन, कदाचित पुन्हा पोट उघडायचं. दुसऱ्यांदा झेपणार नाही मला. वॉर्डातला टीव्ही बंद करायला लावला. शेजारच्या खाटेवरच्या शरच्चंद्ररावांना जप मनात करायची विनंती केली. ते म्हणाले, तुमच्यासाठीच चाललाय. दिवसभर कान देऊन पडलोय. काही नाही. देवा, नुसती खरखर तरी. ठरलं: डोळा लागू द्यायचा नाही. आवाज आला तर पहिल्यांदा मलाच कळणार.

११ नोव्हेंबर, सकाळी
वायू सरला. आवाज वासंतीनं ऐकला. मी घोरत होतो.