सव्वा मूठ माझ्या नावाची

२९ जुलै, नागपंचमी. एरंडोल.
रविवारी कानबाई, आमच्या खानदेशातला देवीचा सण. आबांना गहू निवडून दिले. रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. धाकटा भाऊ प्रशांत कानबाईला पुण्याहून येतच नाही, तरी त्याची मूठ. त्याच्या रांगत्या पोराचीसुद्धा. उपास धरून रोट भाजणार मी, माझी मात्र नाही. म्हटलं, आबा, यंदा माझ्या नावाची टाका. ते हसले. "आंडेरनं नाव नही लेतस, बेटा." आंडेर म्हणजे लेक. नाही म्हणाले त्यापेक्षा हसले, त्याचा संताप जास्त.

३० जुलै
आई दिवसभर धुसफुसत होती. "लगीन नही कयं. आते हाई नवी जिद!"
प्रशांत तिसऱ्या खेपेला परीक्षा पास झाला तेव्हा चौकात बॅनर होता, 'जिद्दीला सलाम'. मी स्थळं नाकारली ती जिद. फरक कुणी ठरवला?

३१ जुलै. जळगाव, शाळा.
मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये उर्दूच्या शबाना मॅडमना विचारलं, जिद हा तुमचाच ना शब्द? म्हणाल्या, "हो, अरबीतून आला. तिकडं अर्थ विरुद्ध, उलट बाजूचा. आमच्याकडं ज़िद मुलं करतात नाहीतर बायका. मर्द इरादा करतात." आणि खो खो हसल्या. मलाही हसू आलं. बसमध्ये परत डोकं तापलं. मी कुणाच्या विरुद्ध? याच घरात जन्मले, याच घरात राहते.

१ ऑगस्ट
प्रशांतचा फोन. आईनंच करायला लावला असणार. "ताई, सोड ना जिद. मूठभर गव्हाचा तर प्रश्न आहे." म्हटलं, एवढासाच असेल तर तुझी मूठ मला दे. म्हणे, मीटिंग आहे. मेल्या, तुझ्या मीटिंगला आग लागो.

२ ऑगस्ट, शनिवार
आबा पाटावर बसून एकेक नाव घेत गहू सुपात टाकत होते. काका-काकू समोर. प्रशांत झाला, त्याचं पोर झालं. आबांनी हात झटकला. मी पुढं झाले, मूठ भरली, स्वतःचं नाव मोठ्यानं घेतलं आणि टाकली. वरची पाव मूठही टाकली.
काकू किंचाळली, "काढ ते गहू!" काढणार कसे? सगळे एकच दिसतात. गिरणीवाल्यानं गिरणी धुऊन आमच्यासाठी थांबवलेली. आबा सुपाकडं बघत एवढंच म्हणाले, "जाय, दयी लय." दळून आणलं. हो म्हणाले की नाही, ते अजून कळत नाही.

३ ऑगस्ट, कानबाई
पहाटेपासून चुलीशी. आरती झाली. काका-काकू देवीच्या पाया पडून उभ्याउभ्याच गेले. काकू जाताना, "तुमना रोट तुमीच खा." रोट भाऊबंदांबाहेर देता येत नाही, आता सगळा आम्हा तिघांनाच संपवावा लागणार, तिला ते पक्कं माहीत आहे.
तीन पानं वाढली. आबांचं, आईचं, माझं. पूर्वी रोट मला नसायचा, मी मागून उरलीसुरली भाजीभाकरी खायचे. आज पंगतीत बसले आहे, हे लिहीत. उपासानं पोट पाठीला लागलंय, पण आबांनी घास घेतल्याशिवाय मी घेणार नाही. चोरून खायचं असतं तर काल गहूही चोरूनच टाकले असते.
आबा अंगणात उभे आहेत, पाठमोरे. आई दोनदा हाक मारून आली. रोट निवत चाललेत.