निकाल माझा आहे

पॅरिस, बुधवार

प्रिय आई, तुझ्या एनोराचे दोन्ही गालांवर पापे.

बातम्यांत माझा रक्ताळलेला चेहरा पाहून घाबरू नकोस. नाक मोडलंय, पण सूप पोटभर जातं.

शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या आमच्या संस्थेत मी फक्त चौकशी करते; शिक्षा वेगळी समिती देते. मी चौकशी केलेल्या दलाल गिलमोला काल समितीने धंद्यातून कायमचं बाद केलं. बाहेर येताच त्याने माझे केस धरून तोंड दगडी पायरीवर आपटलं.

"सोड तिला! निकाल माझा आहे!" ओरडत समितीच्या अध्यक्षा मदाम वासर मध्ये पडल्या. त्याने त्यांचा उजवा हात पिरगळून मोडला.

"आता तरी रजा घ्या," आज सकाळी डॉक्टर त्यांना म्हणाले.

"उद्या सुनावणी आहे. सही डाव्या हाताने करीन."

बाबांच्या छातीत अजून दुखतं का? त्यांना टीव्ही लावू देऊ नकोस.

उद्या मीही कामावर जातेय. रागावू नकोस.

तुझीच,
एनोरा