मंगळाची सगळी नावं

वडगाव रासाई,
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

चि. तेजूस,
आईचा जयभीम.

तू झालीस त्या दिवशी मी दोन हंडे पाणी आणलं होतं, शेळीची धार काढली होती आणि भाकरी थापायला बसले होते. कळा पहाटेपासूनच येत होत्या, पण मी कुणाला सांगितलं नव्हतं. तिसरी भाकरी तव्यावर टाकली आणि उठताच येईना. पप्पा रंगुबाई सुईणीला बोलवायला पळाले. तू रडलीस तेव्हा रेडिओवर सातच्या बातम्या लागल्या होत्या. पप्पांनी कणगीशेजारच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलं, "७ वाजून ५." ते अजून तिथंच आहे. दर वर्षी घर सारवताना मी तेवढी जागा सोडते.

इकडे ठीक आहे. ऊसतोड सुरू झाली, रस्ता दिवसभर ट्रॅक्टरने भरलेला असतो. लग्नाची कार्डं वाटून झाली. तुझ्या साडीला फॉल लावला. नाशिकला थंडी पडली असेल, ड्युटीवर जाताना स्वेटर घालत जा.

वाचनालयातून पुस्तकं आणते आहे. सगळी ग्रहताऱ्यांची. तिथले सोपानराव म्हणाले, "भागुबाई, यानात बसून जायचंय का काय?" मी हसले. मला ज्याची भीती वाटते ते मी वाचून काढते, हे तुला माहीत आहे. पप्पा गेले तेव्हा हृदयाची पुस्तकं वाचली होती.

या वेळी मंगळ वाचला. वहीत त्याची नावं उतरवली. तमिळमध्ये सेव्वाय, त्यात लाल हा अर्थ आहे. उर्दूत मिर्रीख, फारसीत बहराम. चीन-जपानकडे आगीचा तारा. इंग्रजीत मार्स, रोमन लोकांचा लढाईचा देव. संस्कृतात अंगारक, म्हणजे निखारा. भौम म्हणजे भूमीचा मुलगा, हे मला आवडलं. कुणाला त्याच्यात आग दिसली, कुणाला लढाई. मग त्याला मंगल, शुभ असं कुणी आणि का म्हटलं असेल? विहारात आपण सब्ब मंगलं म्हणतो, तोच शब्द. गेले तीन रविवार तिथं माझा आवाज निघत नाही.

पुस्तकात उत्तर सापडलं नाही. माझा अंदाज सांगते. माझी आई सापाला साप म्हणायची नाही, जनावर म्हणायची. अंगावर फोड येणाऱ्या रोगाला लोक देवी म्हणायचे. ज्याची धास्ती, त्याला बरं नाव द्यायचं.

मीही तेच केलं, तेजू. मी केलं त्याला महिनाभर काळजी म्हणत आले.

पप्पांच्या दहाव्याला तुळजाबाई शेजारी बसली होती. तिच्या मनात वाईट नव्हतं. "भागू, तुला मंगळ असंल गं. लग्नात कुणी बघितलं न्हवतं का?" मी म्हटलं, आमच्यात बघत नाहीत. पण ते वाक्य अकरा वर्षं माझ्यात बसून राहिलं.

गेल्या महिन्यात दौंडहून संघर्षच्या आजीचा, कुशाबाईंचा फोन आला. "भागुबाई, आमीबी मानत न्हाई. पर पोराचा बाप तिशीत गेला, संघर्षला म्या वाढवलाय. तेवढी येळ सांगा पोरीची. आपल्या दोघींतच ऱ्हाऊ द्या." तू आधीच बजावलं होतंस, कुंडली मागणाऱ्या घरात मी जाणार नाही. मी तुला कळवलं नाही. शिरूरला कॉम्प्युटरवर कुंडली काढणाऱ्याकडे गेले. खरी वेळ सांगितली. तो म्हणाला, "मंगळ हाय मावशी, आठव्या घरात. येळ नक्की का? पाच-सव्वापाच असती तर लागला नसता."

मी कुशाबाईंना पाच वाजून दहा मिनिटं सांगितली.

तेव्हापासून स्वतःलाच विचारते आहे. मानत नाही, तर खोटं का बोलले? आणि आत कुठं थोडं मानत असेन, तर त्या बाईच्या एकुलत्या नातवाला मी जाणूनबुजून फसवलं. दोन्हीकडून मीच चुकते. संघर्ष फोन करतो, "आई, गोळ्या घेतल्या का?" आणि मी त्याचा आवाज कान देऊन ऐकते, बरा आहे ना म्हणून. असाच मी पप्पांचाही शेवटच्या वर्षी ऐकत होते.

फोनवर हे जमलं नसतं. लग्नाला चौदा दिवस आहेत. तुला त्या घरात जायचं नसेल तर कार्डं परत घ्यायला मी दारोदार जाईन. पण कुशाबाईंवर रागावू नकोस. ती माझ्यासारखीच घाबरलेली बाई आहे. खोटं मी बोलले, ती नाही.

सोमवार

काल पत्र टाकायचं राहिलं. आज सकाळच्या गाडीने दौंडला गेले. कुशाबाई तांदूळ निवडत होत्या, संघर्षची सुट्टी होती. त्या म्हणाल्या, "पोरगं बाहेर जाऊ द्या, मग बोलू." मी म्हटलं, त्याला बसू द्या. दोघांसमोर खरी वेळ सांगितली, सात वाजून पाच. सांगून लगेच उठले, पुढचं ते आणि तू ठरवा. आता स्टेशनजवळच्या पेटीत हे पत्र टाकते आहे.

भिंतीवरचं अक्षर जपणारी,
तुझी आई