नईमच्या उजव्या हाताचे सात आठवडे

मंगळवार पेठ, कोल्हापूर
११ ऑक्टोबर

चि. नईम यास थोरल्या बहिणीची, मेहरुन्निसाआपाची दुआ.

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून लिहावं लागतंय. आठ दिवसांत बावीस वेळा केला. तब्येत बरी असेल असं धरते. तुझी बायको आयेशा सांगते की तू जेवतोस डाव्या हातानं आणि चिडतोस दोन्ही हातांनी. माझे गुडघे आहेत तसेच आहेत (विचारलं नाहीस, तरी कळवते). मुद्दा एवढाच, की येत्या बुधवारी सकाळी आठला तुझ्या ऑपरेशनची वेळ ठरली आहे आणि तू येणार नाहीस असं आयेशाकडून कळलं.

तुझा राग बरोबर आहे, हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा नीट वाच. जूनमध्ये कुरुंदवाडच्या दुकानात शोकेसची काच फुटून तुझं कोपर कापलं. जखम भरली, पण करंगळी आणि शेजारचं बोट आत वळून बसलं. कात्री चालेना, सुई चिमटीत राहीना. शिंप्याची सुईच गेली म्हटल्यावर मी तुला तालमीत पिराजी वस्तादाकडं नेलं. पिराजी माझा आठवीचा विद्यार्थी (तीन वर्षं आठवीचाच, म्हणून चांगला लक्षात राहिला). अर्ध्या पेठेचे निखळलेले खांदे त्यानं बसवलेत. तू आत सदरा काढत होतास तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "बाई, हाड असतं तर बसवलं असतं. ही शीर तुटलीया. माझं काम न्हाय हे." मी म्हणाले, "पिराजी, आठवीतही तू हेच म्हणायचास. प्रयत्न कर." तो "व्हय बाई" म्हणाला आणि तेलाची वाटी घेऊन बसला. सात आठवडे त्यानं तुझा हात चोळला. छप्पन्न वर्षांचा पैलवान गडी, पण मी दारात उभी असेपर्यंत त्याची थांबायची हिंमत झाली नाही. त्याच्यावर राग धरू नकोस. गणितात तो कच्चा होता, पण खोटं तेव्हाही बोलत नव्हता.

पुढं अंगठ्याजवळचं मांस बसून खड्डा पडला, तेव्हा आयेशानं मला न विचारता तुला सर्जनबाईंकडं नेलं. परवाच्या शुक्रवारी मीही आले, ते यायला नको होतं. बाईंनी अंगठा आणि बोटाच्या मध्ये कागद धरायला सांगितला आणि ओढला. तो अलगद निघून आला. मी सवयीनं म्हणाले, "नईम, नीट धर. लक्ष कुठं आहे?" तू उठून गेलास, फाईलही टेबलावर राहिली.

तू गेल्यावर मी बाईंना फळ्यावर आकृती काढून समजावायला लावलं (फळा नव्हता, कॅलेंडरच्या पाठीमागं काढली). कोपराशी तुटलेली नस जोडली तरी दिवसाला एखादा मिलिमीटर वाढते. ती बोटांपर्यंत पोचायच्या आत तिथले स्नायू कायमचे मरतात. म्हणून मनगटाजवळची, तळवा पालथा करणारी एक नस कापून हाताच्या नसेला जोडायची. तळवा पालथा करायला दुसरा स्नायू आहे, त्याचं अडत नाही. गणिताचे सर कायमचे गेले, तर शेजारच्या वर्गावरचे सर इकडं बसवायचे, तसं. सुरुवातीला बोटं हलवायची झाली तर तळवा पालथा करताना फिरवतो तशी मनात चावी फिरवायची. वर्ग नव्या सरांना ओळखायला कित्येक महिने घेतो, तेव्हा घाई चालणार नाही. पूर्वीसारखा हात होईल असं बाई म्हणाल्या नाहीत. सुई धरता येण्याची आशा आहे, पण आता उशीर नको, एवढंच म्हणाल्या. मग मला विचारलं, "मावशी, इतके दिवस कुठं होता?" पस्तीस वर्षं मी हा प्रश्न दुसऱ्यांना विचारला. उत्तर देणाऱ्याला कसं वाटतं ते कळलं.

बुधवारी ये. मला माफ करण्यासाठी येऊ नकोस, हातासाठी ये.

तुझी,
आपा

ता. क. माझं तोंड बघायचं नसेल तर मी वर येणार नाही. खाली केसपेपरच्या खिडकीपाशी बसेन. तिथं रांगेला शिस्त नाही, माझा वेळ जाईल.

ता. क. २. हे वर लिहायचं टाळलं. टाके घालणाऱ्या डॉक्टरानं तुझ्याजवळ एक कागद दिला होता. इंग्रजीत आहे म्हणून तू तो मला वाचायला दिलास आणि मी "विश्रांती आणि मालिश" असं सांगितलं. मालिश हा शब्द त्यात नाही. नस तुटल्याचा संशय आहे, तीन आठवड्यांच्या आत हाताच्या सर्जनला दाखवा, असं आहे. मला अर्थ कळला होता. पोरगेल्या डॉक्टराचं अक्षर बघून मी त्याला नापास केलं.

आज आयेशाच्या हाती दिलं: नसांच्या तपासणीचा रिपोर्ट, फाईल, बुधवारची चिठ्ठी, हे पत्र, आणि नऊ जूनचा तो कागद, मूळ प्रत. कागद तिनं दारात उभ्यानंच वाचला. बारावीचं इंग्रजी पुरलं. ह्या शेवटच्या ओळी तिच्यासमोरच लिहिते आहे. तिनं सगळं मिळाल्याची सही केली. चहा नको म्हणाली.