‘राँगफुली’ आणि मूठभर कापूस

१८ नोव्हेंबर १९६८, जळगाव
आज वकीलसाहेबांकडे धरणगावच्या अंजनाक्का आल्या. कापसाच्या जिनातून, कामावरून काढलंय. हंगामाच्या पहिल्या दिवशी बाया वातींसाठी मूठभर कापूस घरी नेतात, जुनी रीत. नव्या मॅनेजरला ती चोरी वाटली. नेला सगळ्यांनी, विचारल्यावर पदराची गाठ सोडून दाखवली हिनं एकटीनं. “लपाडानं काय शे त्यामा?” म्हणे.
व.सा.नी इंग्रजीत अर्ज सांगितला : अक्कांना ‘राँगफुली’ कामावरून काढलं. मी खटाखट टाईप केलं. सहीआधी अक्का माझ्याकडे वळल्या : “ताई, ह्या शब्दना अर्थ काय?”
मीच अडखळले. व.सा. म्हणाले, “चूक नसताना, अन्यायानं.”
“मंग तो शब्द मोठा लिखा.”
काय बाई आहे! फार आवडली मला.

१९ नोव्हें.
डिक्शनरी उघडली. ‘अनफेअरली’ म्हणजे थोरल्या बहिणीला नवं पातळ, मला तिचं जुनं. ‘राँगफुली’च्या मागे कायदा उभा असावा लागतो. माझ्या वाट्याला आजवर पहिलाच शब्द आलेला.

२ डिसें., धुळे
लेबर कोर्टाची तारीख. व.सा., अक्का, मी, एस.टी.नं. जिनाचे मालक स्वतः हजर. कोर्टाच्या ओसरीवर चहा मागवला, म्हणाले, “अक्का, चूक झाली एवढं लिहून द्या. उद्यापासून कामावर या.”
व.सा. हळूच म्हणाले, घ्या. अक्कांचा नवरा अंथरुणाला खिळलेला, घर हिच्या मजुरीवर. मीही मान डोलावली.
अक्का म्हणाल्या, “चूक झायी आसं लिखी दिधं, तं देवपुढल्या वाती चोरीन्या व्हतीन. आनि बठ्ठ्याच्या बठ्ठ्या बाया चोट्ट्या.”
मालक चहा तसाच ठेवून गेले. पुढची तारीख पडली. येताना अक्का माझ्या खांद्यावर झोपल्या. अभिमान वाटला. भीतीही, हिचं पुढं कसं…

१६ डिसें.
अक्का आता गावाबाहेर केळीच्या बागेत जातात. मजुरी कमी, चालणं फार. तक्रारीचा शब्द नाही. मला असं जमलं नसतं.

२३ डिसें.
दुपारी जिनातल्या दोघी आल्या, अजून कामावर असलेल्या. दारातच उभ्या. थोरली म्हणाली, “त्या दिन आम्ही गाठ नई सोडी. आते लिखा, आम्हीबी कापूस लेयेल शे.”
व.सा. चष्मा पुसत राहिले. “नोकरी जाईल तुमचीही. समजतंय ना?”
दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. धाकटी खाली बसली, “नाव लिखा,” म्हणाली.
मी मशीनवर कागद चढवला.